घाट अवघड कुणासाठी?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "तुमचा आणि मोटारसायकलींचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि वाहन म्हणाल तर स्कूटर, तीही पेठांच्या गल्ल्यांतून. पण गेल्या हिवाळ्यात आमचे काही जुने विद्यार्थी घरी आले. हेही आता पन्नाशीकडे झुकलेले. शनिवार-रविवार मोटारसायकली घेऊन घाटांत जायचं त्यांना वेड आहे. "सर, चला की," म्हणाले. आमच्या वयात हँडल धरायची परवानगी घरातून मिळणं शक्य नव्हतं. मागच्या सीटची मिळाली. सहा गाड्या, आठ माणसं, त्यातलं एक म्हातारं. असे आम्ही निघालो.

रस्ता बहुतेकांच्या ओळखीचा. पुण्याहून कापूरहोळ, भोर, नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं हिरडोशी, मग वरंध घाट उतरून माझेरी, बिरवाडी. मुक्काम पोलादपूरला. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, आणि पसरणीनं वाईत उतरून परत. वरंध घाट तेव्हा रुंदीकरणासाठी जागोजाग उखडलेला होता. डांबर गेलेलं, मुरूम आणि सुटी खडी, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला थेट खाली शिवथरचं खोरं. आमची मंडळी खूश! एका वळणावर सगळे थांबले, हेल्मेटं काढली, आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "सर, हा घाट असाच राहिला पाहिजे. डांबर पडलं की संपलं सगळं."

वाक्य साधं होतं आणि त्या क्षणी आम्हालाही पटलं. आजचं सगळं बोलणं त्या एका वाक्याबद्दल आहे. घाट 'असाच' म्हणजे कसा? आणि तो अवघड राहावा, ही इच्छा नेमकी कुणाची असते?

आधी शब्दाकडे बघू, ती आमची जुनी खोड. खिंड म्हणजे डोंगरातली फट. नाळ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ, जिच्यातून माणूस जेमतेम उतरतो. आणि घाट म्हणजे देशावरून कोकणात उतरणारी पूर्ण वाट. आपल्यासाठी डोंगर तो सह्याद्रि आणि वाट तो घाट. पण युरोपीय लोकांनी वाटेचं नाव अख्ख्या डोंगराला देऊन टाकलं, आणि आज जगाच्या नकाशावर सह्याद्रीचं नाव 'पश्चिम घाट' असं आहे. चुकून का होईना, त्यात एक सत्य सांगितलं गेलं. बाहेरून येणाऱ्याला या डोंगराशी कर्तव्य नव्हतं, तो ओलांडता कुठून येतो याच्याशी होतं.

दुसरा शब्द 'दुर्ग'. दुर् अधिक ग, जिथे जायला कष्ट पडतात ते. 'दुर्गम' हाही त्याच घरचा. म्हणजे आपल्या भाषेत किल्ला या वस्तूचं नावच मुळी 'अवघड' असं आहे. आणि किल्ला आपोआप उगवत नाही, तो बांधावा लागतो. तसाच अवघडपणाही. हे एवढं सूत्र हातात धरून आपण दोन हजार वर्षं चालू.

सुरुवात नाणेघाटापासून. खाली कल्याण बंदराकडचा मुलूख, वर जुन्नर. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास सातवाहनांनी ही वाट राखली. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापणं दान दिली, याची ती यादी. आता विचार करा, एवढं वैभव खोदून ठेवायला राणीला राजधानीतला कातळ मिळाला नसता का? पण लेख कोरला घाटात. कारण तिथून रोज व्यापारी जाणार, दम खायला थांबणार, आणि राज्य कुणाचं आहे ते वाचणार. लेण्याबाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं परंपरा सांगते. जवळ पाण्याची टाकी आहेत, आणि पहाऱ्याला जीवधन किल्ला. म्हणजे पाणी, सावली, पहारा आणि वसुली, सगळी सोय एका ठिकाणी. त्या काळी हा घाट दुर्गम नव्हता, तो राबता होता. आज तिथे शनिवार-रविवारी आपल्यासारखे लोक 'आडवाटेला' म्हणून जातात. कातळ तोच, चढ तोच. मग आडवाट तो केव्हा झाला? माल दुसरीकडून जायला लागला तेव्हा.

हा माल जायचा कसा? बैलाच्या पाठीवर. गाडीला घाट झेपत नव्हता. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे, शेकडो बैलांचे. कोकणातलं मीठ वर, देशावरचं धान्य खाली. मीठ हा शब्द लक्षात ठेवा. घाटावरच्या प्रत्येक घरातल्या भाकरीत जे मीठ पडत होतं ते कुठल्या तरी बैलानं असाच एखादा घाट चढून आणलेलं होतं. त्या तांडेवाल्याला घाट 'सुंदर' वाटत असेल का? वाटतही असेल, आपण कोण सांगणार? पण बैल घसरला तर पोत्यासकट दरीत जातो, हे त्याला आपल्यापेक्षा नक्की जास्त ठाऊक होतं.

आता सतराव्या शतकात येऊ. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांची जावळी घेतली आणि पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड उभा केला. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखान कुठे मारला गेला? वाईच्या मोकळ्या मैदानात नाही. त्याला मोठ्या फौजेसह या जंगलात उतरवलं गेलं, त्याचा तळ पारला पडला आणि भेट गडाच्या पायथ्याशी झाली. पुढे २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत तेच. कारतलबखान आणि रायबागन घाट उतरून खाली आले, अरुंद खिंडीत पुढे-मागे दोन्ही तोंडं बंद झाली, आणि सामानसुमान टाकून, शरण येऊन त्यांना परत जावं लागलं. इथे अवघडपणा कुणाचा? ज्याला वाट माहीत आहे त्याचा. तोच घाट मावळ्याला घरचा उंबरा आणि मोगलाला पिंजरा.

आणि हे योगायोगानं घडलेलं नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या वाटांविषयी जे सांगितलं आहे त्याचं सार असं: वाट सुगम असेल तर ती तशी ठेवू नये, झाडी वाढवावी, अवघड करावी. म्हणजे दुर्गमता हे धोरण होतं. ते सकारण होतं, रयतेच्या रक्षणाचं होतं. पण धोरण होतं, निसर्ग नव्हे.

मग इंग्रज आले आणि धोरण उलटलं. त्यांना तोफा, गाड्या आणि कापूस हलवायचा होता. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईहून पुण्याकडे चाकावर जाता येऊ लागलं. एका रस्त्यानं सह्याद्रीतल्या कितीतरी जुन्या वाटांची किंमत उतरवली. मग रेल्वे. बोरघाटातल्या लोहमार्गाचं काम १८५६ ला सुरू झालं, १८६३ ला गाडी धावली. चढ दर सदतीस फुटांना एक फूट, बोगदे पंचवीस. १८६१ मध्ये या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसं होती. पटकीनं आणि तापानं त्यांतली हजारो मेली. त्यांची नावं कुठे आहेत? कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येऊन थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं, हे नोंदलेलं आहे, आणि ते खरंच कौतुकाचं आहे. पण सुरुंगाची भोकं पाडणारे, खडी फोडणारे वडार, बेलदार, कुणबी, त्यांच्या बायका, हे आकड्यातच राहिले.

एक नाव मात्र लोकांनी राखलं. जुन्या बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, तुमच्यापैकी अनेकांनी चालत्या गाडीतून तिथे नाणं टाकलं असेल. लोककथा अशी की साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा गुरं राखणाऱ्या एका धनगरानं ती दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आम्हाला स्वातंत्र्य द्या. आणि साहेबानं त्याला गोळी घातली. कागदावर याला आधार किती, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारावा. आम्हाला त्यातला न्याय महत्त्वाचा वाटतो. वाट ज्यानं दाखवली त्याची आठवण ठेवली पाहिजे, असं लोकांनी परस्पर ठरवलं. सरकारदरबारी मात्र आंबेनळी घाटाला नाव दिलं गेलं फिट्झजेराल्ड घाट, मुंबईच्या गव्हर्नराचं. तो रस्ता झाला आणि जुना पार घाट बाजूला पडला. पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल अजून उभा आहे. एकेकाळच्या हमरस्त्याची ती खूण.

तर मंडळी, आतापर्यंत काय दिसलं? घाट दुर्गम असतो, असं म्हणणं अपुरं आहे. घाट दुर्गम केला जातो, सुगम केला जातो, आणि नको झाला की सोडून दिला जातो. दर वेळी त्यामागे कुणाची तरी गरज असते. अवघडपणाला मालक असतो, आणि तो मालक बदलतो.

आता आमच्या सहलीकडे परत येतो, कारण हे सगळं आम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं, पण कळलं तिथे.

त्या 'असाच राहिला पाहिजे' नंतर पाचच मिनिटांत, ज्यानं ते वाक्य म्हटलं त्याचीच गाडी घसरली. खडीवर पुढचा ब्रेक दाबला, दुसरं काही नाही. गुडघा खरचटला, पण गाडी डाव्या अंगावर पडली आणि क्लचची लिव्हर मुळाशी तुटली. गाडी ढकलत वाघजाईच्या देवळापाशी आणली. तिथे चहा-भजीच्या टपऱ्या आहेत, वर कातळात खोदलेली पाण्याची जुनी टाकी आहेत. एका टपरीवर एक म्हातारी आणि तिचा नातू. नातवाकडे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची जुनी गाडी. त्यानं काही न बोलता पाना काढला, आपल्या गाडीची लिव्हर उतरवली आणि आमच्या गाडीला बसवली. पैसे घेईना. म्हणाला, "महाडात मिळंल नवी. तेवढी उद्यापर्यंत आणून द्या. सोमवारी पहिल्या पाळीला जायाचंय, एमआयडीसीत."

आम्ही महाडला पोचलो, लिव्हर मिळाली, आणि संध्याकाळी साडेचारला एक जण ती द्यायला परत घाट चढणार असं ठरलं. आम्ही त्याच्या मागे बसलो. इतर म्हणाले, सर, तुम्ही कशाला? खरं सांगायचं तर आम्हाला त्या म्हातारीशी बोलायचं होतं.

आणि मंडळी, तोच घाट सकाळचा राहिला नव्हता. तीच खडी, तीच वळणं. पण आता दिवस बुडायच्या आत पोचायचं होतं, काम होतं, आणि एका मुलाचा सोमवार आमच्या खिशात होता. प्रत्येक खड्ड्याला आमचा चालक चडफडत होता. सकाळी ज्याला 'थरार' म्हणत होतो त्याला आता 'वैताग' म्हणत होतो. कांटनं १७९० च्या आपल्या ग्रंथात भव्यतेविषयी लिहिताना एक अट घातली आहे: वादळ, कडा, खवळलेला समुद्र आपल्याला तेव्हाच भव्य वाटतात जेव्हा आपण स्वतः सुरक्षित असतो. हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. त्याचा अर्थ सत्तरी ओलांडल्यावर, वरंध घाटात, मागच्या सीटवर कळला.

म्हातारीचा नवरा मैलकुली होता. नव्या पिढीला हा शब्द सांगावा लागेल. रस्त्याच्या ठरावीक लांबीवर नेमलेला कामगार, तो मैलकुली. पावसाळ्याआधी चर उपसायचे, मोऱ्यांत अडकलेला पालापाचोळा काढायचा, सुटलेला दगड दिसला की कळवायचं, लहान दरड आली तर फावड्यानं बाजूला करायची. "माझ्या मालकाला समद्या मोऱ्या पाठ होत्या," ती म्हणाली. "कंची तुंबती, कंची न्हाई. पाऊस लागला की रातीचा उठून जायाचा, कंदील घिऊन." आता? "आता कोन न्हाई. जेसीबी येतो, समदं झाल्यावर."

आम्ही धीर करून विचारलं, "मावशी, आमच्या पोरांना हा रस्ता असाच आवडतो. कच्चा."

तिनं आमच्याकडे बघितलं. रागावली नाही, हसलीही नाही. "आवडतो व्हय? मंग पावसाळ्यात या की राह्याला, मास्तर."

एवढंच. मग चहा दिला.

पावसाळ्यात त्या घाटात काय होतं ते आपण वाचलेलं आहे. २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. महाड पाण्याखाली गेलं. याच घाटाच्या कोकणाकडच्या बाजूला तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, दरडींनी बंद. बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. आंबेनळी घाटातला रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि वरची गावं कित्येक दिवस तुटली. त्या दिवसांत त्या गावांची दुर्गमता बघायला कुणी मोटारसायकलवरून गेलं नाही.

इथे कुणी म्हणेल, मग काय सगळीकडे चौपदरी रस्ते करायचे का? डोंगर पोखरायचे का? नाही. उलट म्हातारीचं म्हणणं नीट ऐकलं तर तिनं रुंद रस्ता मागितलाच नाही. तिनं मैलकुली मागितला. मोरी कुठली तुंबते हे जाणणारा माणूस मागितला. सातवाहनांनी नाणेघाटात टाकी खोदली आणि पहारा ठेवला, ही राखण. तिच्या नवऱ्यानं कंदील घेऊन चर मोकळे केले, हीही राखण. घाट एकदा बांधून होत नाही, तो दरसाल राखावा लागतो. बांधणाऱ्याचं उद्घाटन होतं, राखणाऱ्याचं होत नाही. म्हणून इतिहासात पहिला सापडतो आणि दुसरा सापडत नाही. बोरघाटातला जुना अमृतांजन पूल १८३० चा म्हणून आपण सांगत आलो, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये तो पाडला तेव्हा हळहळलो. पण त्या एकशे नव्वद वर्षांत त्याचे सांधे कुणी भरले, त्यावर उगवणारे पिंपळ कुणी उपटले, हे आपल्यातल्या एकालाही सांगता येणार नाही.

आणि म्हणून 'हा घाट असाच राहिला पाहिजे' या वाक्यातला 'असाच' हा शब्द फसवा आहे. घाट 'असाच' कधी नसतो. आपण ज्याला रानटी, मूळचा, अस्पर्श म्हणून दाद देतो ती खडी बहुतेक वेळा कुणीतरी राखणं थांबवल्याची खूण असते. तिच्यात कालचं डांबर असतं, परवाचा मैलकुली असतो, त्याआधीचा तांडा असतो. तिच्यावरून गाडी चालवायला जरूर जावं. आम्हीही पुन्हा जाऊ, घरून परवानगी मिळाली तर. डोंगरात गेल्यावर छाती भरून येते ती खोटी नाही. फक्त तो आनंद कुणाच्या अडचणीवर उभा आहे, याचा हिशेब आपल्याकडे असावा. आणि आपला आनंद टिकावा म्हणून दुसऱ्याची अडचण टिकावी, अशी इच्छा आपल्या तोंडून निघू नये.

रात्री पोलादपूरला जेवताना आम्ही ही हकीकत सगळ्यांना सांगितली. ज्याची गाडी पडली होती तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्या पोरानं लिव्हर काढून दिली तेव्हा त्याची गाडी उभीच राहिली ना? आपण लिव्हर परत नेली नसती तर?" आम्ही म्हटलं, "तर त्याचा सोमवार बुडाला असता आणि तुला तो घाट कायम सुंदर वाटत राहिला असता."

दुसऱ्या दिवशी आंबेनळी चढताना एका वळणावर रस्त्याकडेची दोन माणसं चरातला गाळ काढत होती. आमच्या सहाही गाड्या तिथे हळू झाल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या गाडीवाल्यानं हात वर केला, त्या दोघांनीही केला, आणि आम्ही वर चढलो.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.